संस्कृत शिकवायला नागपुरात आलेल्या तरुण प्राध्यापकामुळे विदर्भाला आपले विसरलेले राजे कळाले

नागपूरच्या माणसाला रामटेकबद्दल विचारा. गडावरचं राममंदिर, खालचा अंबाळा तलाव यांच्यासोबत तो एक गोष्ट हमखास सांगेल. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच.

रामटेकहून थोडं पुढं गेलं की नगरधनचा किल्ला लागतो. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार आहे, तिथं विनोबांचा आश्रम आहे. पश्चिमेला वाशिम आहे. आणि त्याहून पुढं, विदर्भाच्या सीमेपलीकडं अजिंठ्याची लेणी आहेत.

या सगळ्या जागा आपण वेगवेगळ्या सहलींत बघतो. पण पंधराशे-सोळाशे वर्षांपूर्वी त्या एकाच घराण्याच्या गोष्टीतल्या होत्या. ते घराणं म्हणजे वाकाटक. शंभर वर्षांपूर्वी या घराण्याचं नाव मोजक्या अभ्यासकांनाच माहीत होतं आणि त्यातही त्यांचा काळ, त्यांचं मूळ गाव, त्यांची वंशावळ यावर एकमत नव्हतं.

हा गुंता ज्यांनी आयुष्यभर बसून सोडवला, ते कुठल्या मोठ्या संशोधन संस्थेतले पगारी संशोधक नव्हते. ते नागपूरच्या कॉलेजात पोरांना संस्कृत शिकवायचे. त्यांचं नाव महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी.

कोकणातून थेट नागपूर

मिराशींचा जन्म १८९३ चा. गाव कुवळे, तालुका देवगड. तेव्हा हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, आता सिंधुदुर्गात येतो. शिक्षणासाठी ते आधी कोल्हापूरला आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. १९१७ मध्ये संस्कृत घेऊन एम.ए. झाले.

१९१९ मध्ये त्यांना नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी मिळाली. वय वर्षं सव्वीस.

आज कोकणातून नागपूरला जायचं म्हटलं तरी लांबचा पल्ला वाटतो. तेव्हा तर हा वेगळाच प्रांत होता. देवगड मुंबई इलाख्यात आणि नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी. हवा वेगळी, बोली वेगळी, पाण्याची चव वेगळी. बाजारात मराठीइतकीच हिंदी ऐकू यायची.

मॉरिस कॉलेज १८८५ पासूनचं. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर जॉन मॉरिस यांच्या नावाचं. आज ही संस्था वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते, पण जुने नागपूरकर अजूनही मॉरिस कॉलेजच म्हणतात.

मिराशी रुजू झाले तेव्हा नागपूरला स्वतःचं विद्यापीठसुद्धा नव्हतं. ते आलं १९२३ मध्ये. मधल्या काळात, १९२० च्या डिसेंबरमध्ये, नागपुरात काँग्रेसचं गाजलेलं अधिवेशन झालं आणि असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब झालं. सरकारी शाळा-कॉलेजांवर बहिष्कार घाला, अशी हाक देशभर गेली. अशा धामधुमीत एक तरुण प्राध्यापक वर्गात कालिदास शिकवत होता.

नोकरी काय होती?

त्या काळी कॉलेजात संस्कृतही बहुतेक इंग्रजीतूनच शिकवलं जायचं. नेमलेलं नाटक किंवा काव्य घ्यायचं, एकेक श्लोक सोडवायचा, समास फोडायचे, वृत्त सांगायचं, टीकाकार काय म्हणतो ते समजावायचं. त्यात व्याकरण आलं, पेपर तपासणं आलं. पुढच्या वर्षी नवे विद्यार्थी आणि बहुतेक तेच ग्रंथ.

प्राध्यापकाने संशोधन केलंच पाहिजे, असं कुणी म्हणत नव्हतं. पेपर छापला तर गुण, नाही छापला तर बढती अडली, असा हिशोब तेव्हा नव्हता. नीट शिकवलं की काम झालं. निवृत्तीपर्यंत याच चाकोरीत सुखाने जगता आलं असतं.

पण संस्कृतच्या माणसाकडे एक हत्यार असतं, ते म्हणजे जुनी भाषा बारकाईने वाचायची सवय. आणि विदर्भात त्या हत्याराला काम देणारी गोष्ट जमिनीखाली पडून होती. ती म्हणजे ताम्रपट.

ताम्रपट वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

जुन्या काळी राजा एखाद्याला जमीन किंवा गाव दान द्यायचा, तेव्हा त्याचा दस्तऐवज तांब्याच्या पत्र्यांवर कोरून द्यायचा. हे पत्रे एका कडीत ओवलेले असायचे आणि कडीवर राजाची मुद्रा असायची. आजच्या भाषेत हा जमिनीचा पक्का कागद. ज्याच्या घरी तो असायचा ते कुटुंब पिढ्यान् पिढ्या जपायचं, किंवा संकटात जमिनीत पुरून ठेवायचं. मग कधीतरी शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना ते पत्रे वर यायचे.

पुढचं काम चिकाटीचं. पत्रा साफ करायचा. त्याचा शाईने कागदावर ठसा घ्यायचा. मग एकेक अक्षर लावायचं.

वाकाटकांची लिपी ब्राह्मीचाच एक प्रकार आहे, पण तिची एक खूण आहे. अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ नसते, तिथं छोटासा चौकोन असतो, जणू डोक्यावर पेटी ठेवली आहे. म्हणून या लिपीला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. गंजाने एखादी रेघ बुजली, की एका अक्षराचं दुसरंच अक्षर वाटतं. आणि एका अक्षराने राजाचं नाव बदलतं.

अक्षरं लागली की मजकूर लावायचा. त्यात ठरलेल्या गोष्टी असतात. शासन कुठून दिलं, राजाचे पूर्वज कोण, गाव कुठलं, त्याच्या चारी सीमांना कुठली गावं, दान घेणाऱ्याचं गोत्र आणि शाखा कुठली, त्या गावात कुणी शिरायचं नाही, कुठले कर माफ, तारीख काय आणि शेवटी लिहिणारा कोण.

मग नकाशा काढायचा. ताम्रपटातली गावं आज कुठं आहेत ते शोधायचं. पंधराशे वर्षांत नावं झिजतात. चर्मांक नावाचं गाव आज अचलपूरजवळ चम्मक म्हणून ओळखलं जातं. एक गाव जुळून चालत नाही. सीमेवरची दोन-तीन गावं, नदी, दिशा हे सगळं जुळलं तरच जागा पक्की.

या कामाला व्याकरण लागतं, प्राकृत लागतं, वेदांच्या शाखांची माहिती लागते, पंचांगाचं गणित लागतं. थोडक्यात, संस्कृतच्या प्राध्यापकाने आयुष्यभर जे वाचलेलं असतं ते सगळं लागतं. मिराशींनी आपलं वर्गातलं ज्ञान या पत्र्यांकडे वळवलं.

तीनशे वर्षांची चूक

वाकाटकांच्या इतिहासात गोंधळ किती होता, ते एका उदाहरणावरून कळतं.

चम्मकचा ताम्रपट १८६८ मध्ये सापडला होता. दुसऱ्या प्रवरसेन राजाने आठ हजार भूमी एवढी जमीन एक हजार ब्राह्मणांना दिल्याचा तो दस्तऐवज. त्यात एक मजेशीर अट आहे. हे लोक राजद्रोह करणार नाहीत, चोरी करणार नाहीत, युद्ध करणार नाहीत, दुसऱ्या गावांना त्रास देणार नाहीत, तोवरच हे दान चालू.

इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी हा लेख १८८८ मध्ये छापला. त्यात प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही देवगुप्त नावाच्या महाराजाधिराजाची मुलगी असल्याचं लिहिलं होतं. आता हा देवगुप्त कोण? फ्लीट यांनी तो मगधातल्या उत्तरकालीन गुप्त घराण्यातला देवगुप्त धरला. त्यामुळे वाकाटक थेट सातव्या शतकाच्या शेवटी जाऊन पडले.

मग पुणे ताम्रपट म्हणून ओळखला जाणारा प्रभावतीगुप्तेचा स्वतःचा ताम्रपट उजेडात आला. त्यात तिने माहेरची वंशावळ सविस्तर दिली होती. समुद्रगुप्त आजोबा आणि दुसरा चंद्रगुप्त, म्हणजे विक्रमादित्य म्हणून प्रसिद्ध असलेला गुप्त सम्राट, वडील. देवगुप्त हे त्याचंच दुसरं नाव होतं. एका झटक्यात वाकाटक जवळपास तीनशे वर्षं मागे आले, इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकात.

हा ताम्रपट एपिग्राफिया इंडिकात सविस्तर छापला गेला तो १९१९-२० च्या सुमाराला. म्हणजे मिराशी नागपुरात नुकतेच रुजू झाले होते तेव्हा. घराण्याचा काळ कळाला होता, पण बाकी सगळं घर लावायचं होतं. वाकाटक कुठल्याही संवताचा आकडा न देता आपल्या राज्यारोहणाचं वर्षच लिहीत. त्यामुळे कोण आधी, कोण नंतर, हे प्रत्येक लेखातून चाचपडत ठरवावं लागत होतं.

१९३० च्या दशकापासून मिराशींचे लेख एकामागून एक येऊ लागले. बैतूल जिल्ह्यातल्या पट्टणचा ताम्रपट त्यांनीच संपादित केला. त्यात एका सत्रासाठी, म्हणजे अन्नछत्रासारख्या धर्मादाय संस्थेसाठी, जमीन दिली आहे. आणि लेख लिहिणाऱ्याचं नाव आहे कालिदास.

विचार करा, कालिदासावर जीव असलेल्या प्राध्यापकाच्या हातात वाकाटकांचा ताम्रपट येतो आणि त्यावर कालिदास हे नाव निघतं. मोह केवढा मोठा. पण सेनापतीच्या हाताखाली काम करणारा एक लेखनिक आणि महाकवी यांचं फक्त नाव सारखं आहे म्हणून दोघं एकच, असं म्हणता येत नाही. मिराशींनी ती उडी मारली नाही.

१९३९ : वाशिमचे पत्रे आणि तऱ्हाळ्याची नाणी

१९३९ मध्ये वाशिमला एका घरी असलेला ताम्रपट अभ्यासकांसमोर आला. दुसऱ्या विंध्यशक्तीचा, त्याच्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षीचा. तो दिला होता वत्सगुल्म नावाच्या ठिकाणाहून. वत्सगुल्म म्हणजेच वाशिम. मिराशींनी एका सहकाऱ्यासोबत तो प्रसिद्ध केला.

त्या लेखाची गंमत अशी की वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात आहे. आणि वंशावळीत एक नाव आहे, पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन.

तोपर्यंत वाकाटकांची एकच सलग रांग मानली जात होती. या एका नावाने कळालं की पहिल्या प्रवरसेनानंतर घराण्याच्या शाखा झाल्या होत्या. एक रामटेकजवळच्या नंदिवर्धनची आणि दुसरी वत्सगुल्माची. प्रवरसेनाचे चार मुलगे राजे होतील, असं पुराणांत म्हटलेलं होतंच. त्याला आता तांब्यावरचा पुरावा मिळाला.

मग अजिंठ्याच्या १६ व्या लेणीतला शिलालेख पुन्हा बघितला गेला. ही लेणी वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतली. तिथल्या झिजलेल्या लेखात जे नाव आधीच्या अभ्यासकांनी रुद्रसेन असं वाचलं होतं, ते सर्वसेन होतं. म्हणजे अजिंठ्याला राजाश्रय देणारी शाखा वाशिमची होती. मिराशींनी अजिंठ्याचे वाकाटक लेख नव्याने वाचून १९४१ मध्ये हैदराबादच्या पुरातत्त्व मालिकेत प्रसिद्ध केले.

हा सर्वसेन नुसता राजा नव्हता. हरिविजय नावाच्या प्राकृत काव्याचा तो कवी. ते काव्य आज उपलब्ध नाही, पण नंतरच्या साहित्यशास्त्रज्ञांनी त्याची नोंद घेतलेली आहे. संस्कृत साहित्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हा कवी परिचयाचा होता. आता त्याचं राज्य आणि राजधानीही सापडली.

त्याच वर्षी, त्याच परिसरात, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे सोळाशे नाणी, पोटिन नावाच्या मिश्र धातूची. त्यांचाही अभ्यास मिराशींनी केला. पुराणांच्या यादीत नसलेल्या काही सातवाहन राजांची नावं त्या नाण्यांवरून कळाली.

वाकाटक मूळचे कुठले?

हा त्या काळातला तापलेला वाद. काशीप्रसाद जायसवाल हे फार मोठे इतिहासकार. त्यांनी १९३३ च्या आपल्या पुस्तकात वाकाटकांचं मूळ बुंदेलखंडात दाखवलं. झाशीकडच्या बागाट गावावरून वाकाटक हे नाव आलं, असं त्यांचं म्हणणं.

मिराशींनी याच्या उलट बाजू मांडली. वाशिमच्या ताम्रपटात वाकाटक राजांना हारितीपुत्र आणि धर्ममहाराज म्हटलं आहे. अशी बिरुदं दक्षिणेकडच्या राजघराण्यांत दिसतात. आंध्रातल्या अमरावतीच्या एका जुन्या लेखात वाकाटक नावाच्या गृहस्थाचा उल्लेख आहे. आणि प्राकृत वापरण्याची पद्धतही दक्षिणेतल्या जुन्या लेखांशी जुळते. म्हणजे हे घराणं उत्तरेतून आलेलं नाही, दक्षिणेकडचंच.

नागपुरातल्या कॉलेजातला प्राध्यापक देशातल्या नामवंत इतिहासकाराच्या मताला विरोध करत होता. भाषणबाजी नव्हती, एकेक शब्द आणि एकेक बिरुद समोर ठेवून होता. विदर्भाचा माणूस विदर्भाची बाजू घेतो म्हणून कुणी ते उडवून लावू शकलं नाही, कारण पुरावा कुणालाही तपासता येईल असा होता.

रामगिरी म्हणजे रामटेकच का?

मिराशींचं मराठीतलं कालिदास हे पुस्तक १९३४ मध्ये आलं. पण सर्वसामान्य माणसाला त्यांचं जे काम सगळ्यात जास्त जवळचं वाटतं ते मेघदूताचं.

मेघदूतातला यक्ष शिक्षा म्हणून रामगिरीवर राहतो. तो रामगिरी कुठला? जुना टीकाकार मल्लिनाथ म्हणतो, चित्रकूट. काहींनी छत्तीसगडमधल्या सरगुजाचा रामगड सुचवला. रामटेकचं नावही काही अभ्यासकांनी आधी घेतलेलं होतं, मिराशींनी त्याला पुराव्यांचा भक्कम आधार दिला.

पहिला पुरावा रस्त्याचा. मेघ रामगिरीहून उत्तरेकडे निघतो. वाटेत त्याला विंध्याच्या पायथ्याशी रेवा, म्हणजे नर्मदा लागते आणि त्यानंतर विदिशा येते. चित्रकूट तर नर्मदेच्या उत्तरेलाच आहे. तिथून उत्तरेला निघालेल्या मेघाला नर्मदा लागणारच कशी? रामटेकहून निघालं तर सगळं जुळतं.

दुसरा पुरावा तांब्याचा. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट मिळाला. ते दान रामगिरीच्या स्वामीच्या पावलांपासून दिलं आहे. मेघदूतातल्या रामगिरीवरही रामाच्या पावलांच्या खुणा आहेत. आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या शेजारचं नगरधन.

तिसरा धागा नात्याचा. कालिदास दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळातला मानला तर त्याच्या मुलीचं सासर इथं होतं. पती दुसरा रुद्रसेन लवकर गेला आणि मुलं लहान म्हणून प्रभावतीगुप्तेने स्वतः राज्य सांभाळलं. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने सेतुबंध हे प्राकृत महाकाव्य लिहिलं आणि त्यात कालिदासाचा हात होता, अशी जुनी परंपरा आहे. म्हणजे उज्जैनचा कवी विदर्भात येऊन राहिला असेल, ही गोष्ट निव्वळ कल्पना उरत नाही.

गोष्टीच्या पुस्तकातून निघालेला इतिहास

दंडीचं दशकुमारचरित हे संस्कृतच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं जाणारं पुस्तक. दहा तरुणांच्या साहसांच्या गोष्टी. त्यातल्या आठव्या भागात विदर्भाच्या राजाची गोष्ट आहे. बाप पुण्यवर्मा कर्तबगार. मुलगा अनंतवर्मा बुद्धिमान, पण राजकारणाचा कंटाळा. खुशमस्करे त्याला चैनीत बुडवतात, शेजारचा अश्मकाचा राजा कट करतो, आक्रमण होतं आणि राजा मारला जातो.

मिराशींनी म्हटलं की या गोष्टीत वाकाटकांच्या शेवटाची आठवण शिल्लक आहे. पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण. त्याच्यामागे आलेल्या राजाच्या हातून साम्राज्य गेलं.

पुढे अमेरिकन कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्यावर आयुष्य घातलं. अजिंठ्याच्या बहुतेक महायान लेण्या हरिषेणाच्या काळात थोड्याच वर्षांत खोदल्या गेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर काम अचानक थांबलं, असं त्यांचं मत जगभर चर्चेत राहिलं. ते मांडताना त्यांनी दंडीच्या या गोष्टीचा आधार घेतला. अजिंठ्याच्या भिंतींवर अर्धवट राहिलेलं काम आणि नागपूरच्या प्राध्यापकाने एका कथाग्रंथातून काढलेला अर्थ, असे दोन धागे तिथं एकत्र आले. स्पिंक यांचं मत सगळ्यांना मान्य नाही, पण त्याला वळसा घालून अजिंठ्यावर बोलता येत नाही.

सगळंच बरोबर निघालं का?

नाही. आणि संशोधनात तसं होतही नाही.

दुसऱ्या प्रवरसेनाने प्रवरपूर नावाची नवी राजधानी वसवली. मिराशींच्या मते ते पवनार. पवनारला विनोबांच्या आश्रमाच्या जागी जमीन खणताना जुनी शिल्पं निघाली होती. त्यातलं भरतभेटीचं शिल्प प्रसिद्ध आहे. मिराशींनी ही शिल्पं वाकाटक काळातल्या राममंदिराची मानली. सेतुबंध लिहिणारा राजा आणि रामकथेची शिल्पं, जोड अगदी पटण्यासारखी.

पण १९९० च्या दशकाच्या शेवटी रामटेकजवळ मनसरला उत्खनन झालं. विटांची भव्य बांधकामं, देखणी शिल्पं निघाली. काही अभ्यासकांनी मग प्रवरपूर मनसरलाच होतं, असं मत मांडलं. हा वाद पाहायला मिराशी नव्हते.

नगरधनच्या बाबतीत मात्र जमिनीने त्यांच्या बाजूने साक्ष दिली. अलीकडच्या वर्षांत तिथं राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी उत्खनन केलं, तेव्हा मातीची एक छोटी मुद्रा मिळाली. तिच्यावर नाव आहे प्रभावतीगुप्तेचं.

निवृत्तीनंतर तीन खंड

१९४२ मध्ये मिराशी मॉरिस कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली होती. १९४७ मध्ये ते अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून गेले आणि १९५० मध्ये तिथून निवृत्त झाले.

बहुतेकांचं काम इथं संपतं. मिराशींचे मोठे ग्रंथ इथून पुढे आले.

भारतातल्या जुन्या कोरीव लेखांची एक सरकारी ग्रंथमाला आहे, कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम. पहिला खंड अशोकाच्या लेखांचा, तो कनिंगहॅमने केला. गुप्तांचा तिसरा खंड फ्लीटचा. या मालेतले तब्बल तीन खंड एकट्या मिराशींच्या नावावर आहेत.

चौथा खंड १९५५ मध्ये आला, कलचुरी-चेदी संवतातल्या लेखांचा. हा संवत इसवी सन २४८-२४९ च्या आसपास सुरू झाला. त्याची नेमकी सुरुवात पकडायला एकेका लेखातली तिथी आणि वार गणिताने तपासावे लागतात. ते काम या खंडात आहे. पाचवा खंड १९६३ मध्ये, वाकाटकांचा. तेव्हा मिराशी सत्तरीचे होते.

सहावा खंड आला १९७७ मध्ये, शिलाहारांचा. वय चौऱ्याऐंशी. शिलाहारांच्या शाखा उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर इथल्या. दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा सगळ्यात महत्त्वाचा ताम्रपट खारेपाटणचा, शके ९३० चा. खारेपाटण म्हणजे मिराशींच्या देवगड तालुक्याचा शेजार. आयुष्यभर विदर्भाचे लेख वाचून झाल्यावर, अखेरच्या मोठ्या कामात ते जन्मगावच्या आणि शिकलेल्या गावच्या राजांपाशी पोचले होते.

हे खंड इंग्रजीत आहेत आणि ते अभ्यासकांसाठी आहेत. पण मिराशींनी तेच संशोधन मराठीतही आणलं. वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ, सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख, शिलाहार राजवंशाचा इतिहास ही त्यांची मराठी पुस्तकं. संशोधन मुक्तावलि या नावाने त्यांच्या लेखांचे अनेक भाग निघाले. नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९७५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९८५ मध्ये, वयाची ९२ वर्षं पूर्ण करून ते गेले.

आज हे का वाचायचं?

आज महाराष्ट्रात कितीतरी तरुण नेट-सेट, पीएच.डी. होऊनही तासिका तत्त्वावर शिकवतात. पुढच्या वर्षी काम असेल की नाही हे माहीत नसतं. मिराशींना तेवीस वर्षं एकाच कॉलेजात, एकाच विषयात, पक्क्या नोकरीत बसता आलं. पट्टणचा ताम्रपट नोकरी लागल्यानंतर पंधराएक वर्षांनी आला, वाशिमचा वीस वर्षांनी. या कामाला लागतो तेवढा वेळ त्यांच्याकडे होता आणि तो त्यांनी वाया घालवला नाही. आजच्या प्राध्यापकाकडून आपण संशोधनाची अपेक्षा करतो, तेव्हा ही बाजूही लक्षात ठेवायला हवी.

आणि विदर्भात ताम्रपट संपलेले नाहीत. शेतात, वाड्याच्या पायात, जुन्या पेटीत अजून काय आहे ते कुणी सांगू शकत नाही. असा कोरलेला पत्रा तुमच्या गावात निघाला, तर तो भंगारात देऊ नका आणि घासून चकचकीतही करू नका. तहसीलदाराला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. वाशिमचा ताम्रपट कुणीतरी घरात जपून ठेवला होता, म्हणूनच तो मिराशींपर्यंत पोचला.